बाकाची दिशा

बंद पडलेल्या शाळेत बैठक. बाकं लहान, गुडघे मोठे.
फळ्यावर मी नकाशा डकवला:
ओढ्याकाठची पायवाट, गावाची सामाईक भट्टी,
चेस्टनटच्या राईत चार लाकडी खोल्या,
आणि वरच्या वळणावर ‘निसर्गदर्शन स्थळ’,
एक बाक, एक फलक, अकराशे युरो.

आबीलियू म्हणाला, पाहुणे येणार कशानं?
बस फक्त मंगळवारी,
तीही शाळांना सुट्टी लागली की बंद.
आणि पाहुणे तर नेमके सुट्टीतच येणार.
मी वहीत लिहिलं: बस. खाली दोन रेघा ओढल्या.

मग झुल्मीरा उठली. बोटांना अजून पीठ.
“त्या वळणावर आम्ही उभ्या राहायचो,
फ्रान्सला निघालेली गाडी
खालच्या पुलापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत.
दरीकडे कुणी बघितलंच नाही कधी.
बाक ठेवा खुशाल.
तोंड मात्र रस्त्याकडे करा.”

कुणी काही बोललं नाही.
खडू शोधला, सापडला नाही;
पेनानंच नकाशावरचा बाण फिरवला.

इतिवृत्तात नोंद केली:
बाकाची दिशा बदलली.
खर्चात फरक नाही.