दिवसाला एक

खामल्यात सायकलच्या दुकानावरची खोली.
खिडकीत कूलर, टाकीत दोन बादल्या पाणी,
टेबल म्हणजे उलटा घातलेला कॅरम.
त्यावर बुटका, चोर, पुजारीण
आणि सोड्याच्या बाटलीचं बूच. तो ड्रॅगन.

तेवीस दिवसांपूर्वी इथं भांडण झालं.
पैशावरून नाही, जातीवरून नाही,
रात्रीच्या झोपेवरून.

माझं पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचं,
बर्डीवर झेरॉक्स केलेलं सत्त्याण्णव साली,
स्पायरल सुटलेलं, पान एकशे दोन उलटं लागलेलं.
त्यात लिहिलंय, घायाळानं पडून राहावं.
दिवसाला एक प्राण परत येतो.
एकच.
दार उघडायलाही तक्ता पाहावा लागतो,
आणि चिलखत जितकं भारी तितका आकडा लहान.
काऊन? असंच.
ती उलटी मोजणी आम्ही सोवळ्यासारखी पाळली.

सुश्रुत देवतळेनं पाचवी आणली.
कडक पुठ्ठा, चकचकीत चित्रं, नव्या शाईचा वास.
तिच्यात आठ तास झोपलं की सगळं भरतं.
भाला पोटातून आरपार गेलेला असो,
सकाळी माणूस तर्री पोह्यांना तयार.

मी म्हणालो, "हा काय खेळ झाला बे?
मरणाचं भ्यावच नाही. नुसते लाड."
तो म्हणाला, "तुह्या पुस्तकात भ्याव नाही, हिशेब आहे.
तू खेळवून नाही राहिला,
तलाठ्यासारखा सातबारा वाचून राहिला."
मृण्मयी गजभिये म्हणाली, "तिसरीत या दोन्हीचं..."
तिला आम्ही दोघांनी एकदम गप्प केलं.
त्या रात्री आमचं एकमत झालं ते तेवढंच.
चौथीचं तर कुणी नावही काढलं नाही.

ओवेस फासे तळहातात घोळवत बसलेला.
त्याचं म्हणणं, वीस बाजूंचा फासा
कोणत्याच आवृत्तीचा नोकर नसतो.
वाक्य चांगलं होतं. कुणी ऐकलं नाही.

मग माझ्या तोंडून गेलं,
"रात्रीतून जखम भरत नसते, सुश्रुत.
तुला तरी माहीत पाहिजे."

तो मेडिकलला आहे, जळीत वॉर्डात,
बारा वर्षं पट्ट्या बदलतो.

कूलर घरघरत राहिला.
"माहीत आहे म्हणूनच," तो म्हणाला,
"दिवसाला एक, हे मी रोज मोजतो.
कधी एकही नसतो.
शनिवारी चार तास तरी
माणूस झोपून बरा उठू दे ना बे."

एक चप्पल पायात, दुसरी हातात,
तसाच जिना उतरला.

आता त्यांचा डाव मनीष नगरात बसतो, फाटकापलीकडे.
ओवेस एक शनिवार तिकडे, एक इकडे,
दोन्ही घरच्या लग्नाला जाणाऱ्या पाहुण्यासारखा.
तिकडचं काही सांगत नाही. मी विचारतही नाही.
एकदा फक्त म्हणाला, तिथं एसी आहे.

आज सोमवार. नवतपा लागलाय.
कूलरची वाळकी खस झटकायला म्हणून वर आलो
आणि पुस्तकाखाली त्याचा कागद सापडला.
धोंडू हातोडे, बुटका, पाचवी पातळी.
स्वभाव: रागीट, पण जेवण वाटून खातो.
पूर्ण प्राण सव्वीस.
आत्ता: तीन.
त्या रात्री बोगद्याच्या तोंडाशी पडला होता,
आम्ही त्याला तिथंच सोडून नियमांवर बोलत बसलो.

उभ्या उभ्या बोटांवर मोजलं.
मग खाली बसून परत मोजलं.
माझ्याच पुस्तकानं, माझ्याच कंजूष तक्त्यानं
धोंडू हातोडे आज उठून बसतो.

फोन लावावा की नाही, याचा तक्ता
एकशे दोनवर नाही, उलटं धरूनही नाही.
फासा टाकला. सात आले.
सात कोणत्या हिशेबानं वाचायचे, ते पाहिलं नाही.

खोडरबर घेतलं.
तो आकडा इतक्यांदा खोडलेला
की कागद तिथं आधीच झिरला होता.
भोक पडलं.
भोकाशेजारी, जागा होती तेवढ्यात,
लिहिलं: सव्वीस.