अनुपान

औषधालासुद्धा सापडत नाही म्हणतो ना आपण,
तशी ही वस्तू मला औषधाच्याच दुकानात सापडली:
संगमरवरी काउंटर, नऊ स्टुलं, त्यातलं सहावं न फिरणारं,
आणि बगळ्याच्या मानेसारखे दोन नळ,
निकल उडालेले, आतलं पितळ दाखवणारे.

गाव कॅन्ससमधलं. धान्याचं एक उंच कोठार, तीन चर्च,
रेल्वे जाते, थांबत नाही.
मी आले होते पंधरा दिवसांसाठी,
गुडघा बदलायला गेलेल्या टॉरगर्सनसाहेबांच्या जागी
गोळ्या मोजायला.
पाच, दहा, पंधरा, वीस.
चपट्या सुरीने सरकवताना अजून मराठीतच मोजते;
इंग्रजीत मोजलं की एखादी कमी भरेल असं वाटतं.

सोड्याची बाजू वर्नाची.
पहिल्याच दिवशी म्हणाली, ओढलास तर धार मऊ येते,
ढकललास तर सुईसारखी.
आधी मऊ, मग सुई. उलट केलंस तर आंघोळ.
मी उलट केलं.
पांढऱ्या कोटावर चेरीचा पाक घेऊन दिवसभर उभी राहिले,
आणि येणारा प्रत्येक जण विचारत राहिला,
कुणाला लागलं?

तळघरात साहेबांच्या आजोबांची वही आहे.
क्विनाइन, लोह, कसल्या कसल्या मुळ्यांचे अर्क, सगळं कडू जहर.
ते घशाखाली उतरावं म्हणून पाक आला,
पाकासाठी सोडा,
आणि हळूहळू कडू तेवढं गळून गेलं.
मला चिपळूणचे पेंडसे वैद्य आठवले,
पुडी हातात ठेवताना बोट उगारून सांगणारे:
तुला मधातून, तुझ्या भावाला तुपातून.
अनुपान चुकलं की औषध चुकलं.
हा शब्द मी वर्नाला सांगितला.
तिने तो दोनदा जिभेवर घोळवला.
म्हणाली, व्हॅनिलाबरोबर खपेल.

ल्यूथर ब्रुंगार्ट शाळेची बस चालवायचा.
साखर चारशेच्या घरात.
वर्ना त्याला नुसता सोडा देते, लिंबाची फोड,
पण ग्लास तोच उंच, आणि चमचाही तोच लांब दांड्याचा.
ढवळण्यासारखं काही नसतं. तो ढवळतो.
इन्सुलिनचा या महिन्याचा आकडा
मी ग्लास अर्धा झाल्याशिवाय सांगत नाही.
हे मला कुठल्याही कॉलेजात शिकवलं नव्हतं.
हाताला गुण असतो म्हणतात;
वर्नाचा गुण तिच्या उशिरात होता,
बिल फाडायला ती लावायची त्या वेळात.

पंधरा दिवसांची तेरा वर्षं झाली.
या मार्चात वर्नाच्या मनगटाने हात टेकले.
चिठ्ठी माझ्याकडेच आली:
वर्ना लुईस प्रोबास्को, जन्म १९४६,
तीस गोळ्या, जेवणानंतर.
तिचं आडनाव मी पहिल्यांदा वाचलं.

ती काउंटरच्या या बाजूला येऊन बसली,
चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकासारखी,
पर्स मांडीवर घट्ट धरून.
समोरच्या आरशाकडे बघत राहिली.
एवढी वर्षं त्याच्याकडे तिची पाठच होती.
सरबताच्या बाटल्यांमधून तिने स्वतःला शोधलं,
एक बट कानामागे सारली, मग म्हणाली,
कोपऱ्यात तडा गेलाय. कुणी बोलला नाहीत.

मी हात धुतले.
चॉकलेटचा पाक, दोन दाब.
मऊ धार. मग सुई.
फेस चढत काठापर्यंत आला
आणि तिथे, बाई, थांबला.

गोळी तळहातावर, ग्लास डाव्या हातात.
जेवणानंतर घ्यायची आहे, मी म्हटलं.
हे जेवणच आहे, ती म्हणाली.
पाक कमी आहे, असंही म्हणाली,
आणि तळाशी नळी खरखरेपर्यंत प्यायली.

मग उठण्यासाठी वळायला गेली, तर स्टूल हलेना.
हे फिरत नाही!
मी म्हटलं, मी आले तेव्हापासून.
मग तेल घालायचंस ना, ती म्हणाली,
आणि तिथेच बसून राहिली.