रकाना सहावा

मुद्देमालाच्या वहीत सहावा रकाना: हत्याराचा क्रमांक.
यंदा अकरा वेळा मी तिथं लिहिलंय, नाही.
माझी दुसरी वेलांटी लांबते,
सातव्या रकान्यात शिरते.

हा नवा कट्टा स्टिअरिंगच्या नळीचा.
मुठीला साग, घासून घासून गुळगुळीत.
कुणाचा तरी हात बसला होता या कामावर.

परवा साकीनाक्याच्या हॉलमध्ये सूचना मागवल्या.
लेथवाल्यांची नोंद करा, नळीनळीवर नंबर कोरा.
बाबल मेस्त्री उठले, पेरांत ग्रीस.
"पंपाचे पार्ट काढतो मी. भोक म्हणजे भोक, साहेब,
त्याला काय ठाऊक, पाणी जाणार की आणखी काही?
नंबर घालायचाच तर माझ्या मनगटावर घाला."
लोक हसले.

नागवेकरबाई हसल्या नाहीत.
"माझ्या भाच्याच्या मानेतनं काढली गोळी.
चार वर्षं झाली, कुठल्या नळीची ते कुणी सांगेना.
नंबर असता तर निदान एका दारापर्यंत गेले असते.
शिव्या घालायला."

मेस्त्री खाली बसले. मग चहा आला.
मी फक्त हजेरी लिहीत होते.

आज सुतळी बांधली, लाख वितळवली,
अंगठा भाजला.
चिठ्ठीवर मार्करनं: मु. मा. ४१.
बारसं झालं म्हणायचं,
जीव घेऊन आल्यावर.

सहाव्या रकान्यात पेन टेकवून बसलेय कधीची.
शाईचा ठिपका पसरतोय,
खालच्या पानावर उमटेल.