उसनं अवसान

जानेवारीत आमच्या हियुमा बेटावर ऊन ही ऐकीव गोष्ट.
दुपारी साडेतीनला दिवे लागतात,
आणि तू मात्र दिवसेंदिवस सावळी होत चाललीस, विर्वे.
तळहाताच्या रेषा चहात भिजवून काढल्यासारख्या.
दुकानात लेम्बीनं डोळे मिचकावले:
"कुठल्या गरम देशात जाऊन आलात गुपचूप?"
तू हसलीस.
काउंटर धरून हसलीस.
तो धरलेला हात मला दिसला नाही.

लोकर विंचरता विंचरता थांबायचीस.
तू म्हणायचीस, वय झालं.
मी म्हणायचो, थंडी आहे.
वयही होतं, थंडीही होती,
म्हणून तर इतके महिने चुकलो.

मग ती पहाट. गोठ्यात कंदील, मेंढ्यांची वाफ,
आणि त्यांच्या मिठाच्या विटेपाशी
गुडघे टेकून तू, जीभ लावलेली.
मला पाहून ओशाळलीसुद्धा नाहीस.
"उर्मास," म्हणालीस, "याच्याइतकं गोड काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन मूत्रपिंडं काढली,
त्यांच्या डोक्यावर दोन वाकड्या टोप्या.
तुझ्याच रक्तानं त्यांना परकं ठरवलं होतं
आणि हळूहळू, वर्षानुवर्षं, उजाड केलं होतं.
अंग खाल्ल्या मिठाला जागत नव्हतं
ते म्हणून.
आणि संकटात माणूस जे अवसान आणतो
ते आणायचं कुठून, तर तिथूनच.

आता ते डबीतून येतं.
सहाला एक, दुपारी अर्धी,
चारला अर्धीची अर्धी, सुरीनं कापलेली,
टेबलावरचा चुरासुद्धा तू बोटानं टिपतेस.
उसनं अवसान. फेडायचं नाही,
फक्त घ्यायला विसरायचं नाही.
ताप आला तर दुप्पट.
उलटी थांबली नाही तर सुई, मांडीत, लगेच.
मी उकडलेल्या बटाट्यांवर सराव केला
आणि तेच बटाटे मेंढ्यांना टाकले.

तुझा भाऊ गेला तेव्हा तू फोनवर विचारलंस,
दुःखाला किती?
बाई बराच वेळ गप्प होत्या.
मग म्हणाल्या, दफनाच्या दिवशी एखादी जास्त घ्या.
पुढचं मोजता येत नाही.

परतताना समुद्र गोठलेला, बर्फावरचा रस्ता खुला.
नियम तुलाही पाठ, मलाही:
पट्टा बांधायचा नाही. थांबायचं नाही.
पंचविसाच्या खाली चालवा नाहीतर चाळिसाच्या वर,
मधल्या वेगानं बर्फाखाली लाट उठते.
निम्म्या वाटेत तुला उलटी झाली.
मग आणखी एक.
मग तू मला भावाच्या नावानं हाक मारलीस.

मी थांबलो.
कुपीचं टोपण दाबलं, हलवलं,
पांढरं विरघळेपर्यंत थांबणं
हे त्या दिवशीचं सगळ्यात लांबचं अंतर.
तुझ्या लोकरी विजारीतूनच सुई घातली.
बटाटा दचकत नव्हता.
तूही दचकली नाहीस,
आणि तेव्हा माझे हातपाय गळाले.

खाली बर्फ कण्हला, लांबवर, दार करकरावं तसा.
रुग्णवाहिकेला फोन केला, किनाऱ्यावर या म्हटलं,
आणि वीसच्या वेगानं निघालो,
एक हात स्टिअरिंगवर, एक तुझ्या मनगटावर.
खांबांच्या फांद्या मोजत होतो.
सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस.
एकसष्टाला तू डोळे उघडलेस,
नीट माझ्याकडे पाहिलंस:
"मध्येच गाडी थांबवलीस? दंड होईल."

दंड झाला नाही.
तीन रात्री दवाखान्यात, नळीतून मीठपाणी,
चौथ्या दिवशी तू नर्सच्या स्वेटरची वीण तपासलीस
आणि नाक मुरडलंस.

आता मे. होडीत एक सुई, कोटात एक,
एक लेम्बीच्या गल्ल्यामागे.
परवा गोठ्यात कुणी नसताना
मीही त्या विटेला जीभ लावून पाहिली.
खारट.
नुसतं खारट.
मेंढ्या बघत होत्या.