आजाराचे स्वरूप

मेनरोडच्या दुकानदाराने दोन खोकी पुढे केली:
हाताचा, विजेचा.
"सातपूरला लाइट जाते, ताई," म्हणाला
आणि उगाच बिलबुकात बघत बसला.

विजेचा घेतला. अडीच हजार.

दुसऱ्या पाळीला वायंडिंगमागच्या स्टोअरमध्ये
बारक्या गिरणीसारखा घरघरतो.
दीडशे मिली.
बाटलीवर "बागूल, सव्वाआठ" लिहून
फ्रिजात कुणाच्या तरी मठ्ठ्याशेजारी ठेवते.

क्लेमच्या टेबलाशी खैरनार मॅडम
यादीवरून पेन फिरवतात:
पावडर, कंगवा, सपाता, पंप.
"सिझेरियन बसतं यात. हे नाही बसत."

पुन्हा अर्ज भरते.
"आजाराचे स्वरूप": रकाना कोरा.
मागच्या रांगेत कुणाचं तरी बाळ रडतं.
माझं नव्हे.
तरी कुर्ता भिजतो,
आणि मी फाइल छातीशी धरून
तशीच उभी.