मिठाची वाट

सावळघाट उतरून एसटीनं मला जिथे टाकलं
तिथे पाटी नव्हती. मोहाच्या बुंध्याशी
जिवली भोये उभी होती, कमरेला विळा,
माझ्या नव्या बुटांकडे बघत.

एकतीस वर्षं मी नाशकातल्या कचेरीत बसून
ही दरी काढली.
ट्रेसिंग कापडावर, बारीक निबानं,
उंचीच्या रेषा तपकिरी, ओहोळ निळे,
आणि पायवाट म्हणजे नुसती टिंबं.
दोन टिंबांच्या मधल्या जागेत काय असतं
ते आज गुडघ्यानं सांगितलं.

पहिला थांबा धारेवर.
इथून मागे सांडलेलं पाणी गोदेचं,
रामकुंड, पैठण करत
अख्खा देश ओलांडून पूर्वेला जाणारं.
पुढे सांडलेलं दमणगंगेचं.
तांबड्या शाईची ही रेघ मला पाठ आहे,
डोळे मिटून ओढेन.
जिवलीनं तंबाखूची पिंक टाकली पश्चिमेला,
'ही गेली दर्याला' म्हणाली
आणि उतरू लागली.

आधी साग, वाजणाऱ्या पानांचा.
मग कुडा, मग बांबूची अशी दाटी
की उन्हानंही अंग चोरून यावं.
किती राहिलं, विचारलं, तर म्हणाली, 'एक हाक.'
त्या हाकेला दोन तास लागले.
मधे एक पाडा. सारवलेलं खळं,
खळ्यावर नागलीचा भुसा, एक कोंबडी,
एक मूल, कोंबडीवर लक्ष ठेवणारं
किंवा कोंबडी त्याच्यावर.
मोठं माणूस एक नाही.
'द्राक्षाला गेलीत,' जिवली म्हणाली, 'दिंडोरीकडं.'

तिच्या सासऱ्याचा बाप ह्याच वाटेनं
डोक्यावर नागली घेऊन खाली जायचा,
मीठ आणि सुकट घेऊन वर यायचा.
तो दिसायच्या आधी
पाड्यावरची कुत्री उठून उभी राहायची,
वारा खालून असला तर.
म्हणून ही मिठाची वाट.
माझ्या नकाशात तिला नाव नव्हतं, क्रमांक होता.

'तू पाहिलास समुद्र?'
'नाय. पाणी जातं तिकडं,
आम्ही जातो इकडं.'
हे तिनं काटा काढता काढता सांगितलं,
माझ्या पायातला.

ओढ्याच्या वळणावर एक दगड भेटला
चुना फासलेला, वर आकडा.
तो आकडा माझ्या ओळखीचा.
त्या आकड्यापर्यंत मीच फिरवली होती
निळी पेन्सिल, हलक्या हातानं, एकसारखी,
साग, कुडा, खळं, सगळ्यावरून.
साहेब म्हणाले होते, शेडिंग सुरेख आहे.
कोपऱ्यात 'प्रस्तावित' असं लिहिलं होतं,
तेही माझंच वळणदार अक्षर.
पुढे ती फाईल कुठे गेली मला माहीत नाही.
मी विचारलंही नव्हतं.

जिवलीनं त्या दगडावर ओलं फडकं वाळत टाकलं,
काकडी चिरली, मिठाची पुडी सोडली.
'बरा दगड आहे,' म्हणाली, 'सपाट. बसा.'
मी उभाच राहिलो.
गुडघा वाकत नाही, म्हणालो.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आकड्याकडे,
आणि काकडीची मोठी फोड माझ्या हातावर ठेवली.

फाटा आला की ती ऐनाचं पान खुडते,
दगडाखाली ठेवते, देठ आपण गेलो त्या दिशेला.
मागून येणाऱ्यासाठी.
'मागून कोण येतंय?'
'येतंच कुणीतरी.'

दिवस कलला तसा खालून वारा सुटला.
मला वाटलं, खारट आहे.
ओठांवर काकडीचं मीठ होतं, तेही असेल.

साडेचारच्या गाडीसाठी तिनं मला वर वळवलं.
शेवटच्या फाट्यावरचं पान मी ठेवलं,
जन्मभर बारीक कामाला सरावलेल्या हातानं,
तरी देठ उलटं पडलं.
ती वाकली, दगड उचलला,
पान फिरवलं,
दगड परत ठेवला.