रिकामी येताना

भरलेली असते तेव्हा पिकअप बोलत नाही.
पंचवीस लाद्या बर्फ, वर भुसा, त्यावर गोणपाट.
पहाटे साडेतीनला डिचोलीहून निघते मी
आणि मालीमच्या जेटीवर ट्रॉलरवाले हाका मारेपर्यंत
मागून फक्त पाण्याची ठिबक.

बोलते ती रिकामी येताना.
उन्हं वर आली, हौदा सुकला
की म्हापशाच्या पुढच्या गतिरोधकापासून सुरू:
कुंईं... कट्.
डाव्या कुशीत. मागे. की पुढे?
आरशात बघून आवाज दिसत नाही.

हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहायला लागले:
वीसच्या स्पीडला जास्त. ब्रेक मारला तर नाही.
खड्ड्यात उतरताना गप्प, वर येताना आहे.
अंगणात गाडी पुढेमागे केली,
मुलीला हौद्यात निजवलं, कान फळीला.
म्हणाली, आई, कुणीतरी दार उघडतंय.
कुठलं दार, ते तिला सांगता येईना.

पर्वरीच्या शोरूममध्ये एसी होता, थंड पाणी होतं.
“साहेब नाही आले?”
साहेब कुवेतला आहेत, म्हटलं, हप्ते इथे आहेत.
गाडी काचेपलीकडे गेली.
दोन तासांनी कागद आला.
दोन्ही शॉकअप, पाट्यांचा पूर्ण सेट, यू-बोल्ट,
बुश किट, अलाइनमेंट,
मजुरी वेगळी, कर वेगळा:
चौसष्ट हजार आठशे.

“पण आवाज नेमका कशाचा?”
“मॅडम, सगळंच बदललं की आवाज राहणारच नाही.”

तेही खरंच.
घर पाडलं की छप्पर गळत नाही.

चौसष्ट हजारांच्या किती लाद्या, मोजायला गेले
आणि मोजता मोजता वितळल्या.
नुसत्या तपासणीचे अकराशे ऐंशी भरले.
गाडी धुतात तिथे टायवाला पोरगा जवळ आला,
छातीवर पट्टी: गौरांग मांद्रेकर.
किल्ली देता देता, ओठ न हलवता:
“मावशे, अस्नोड्याक वच. कायतानाक दाखय.”
मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं,
“थँक यू मॅडम, पुन्हा या!”

कायतानने जॅकला हात लावला नाही.
फणसाखाली स्टुलावर बसून विचारलं,
काय वाहतेस?
बर्फ.
आणि वाजते कधी?
रिकामी असताना.
“सुकी असताना,” त्याने दुरुस्त केलं.

मी गप्प.
वहीचं अख्खं पान भरलं होतं मी
आणि हा एक शब्द त्यात नव्हता.

तांब्याभर पाणी घेऊन तो पाठीवर सरपटत आत गेला.
“चढ वर. नाच.”
हौद्याच्या काठावर मी, पंचेचाळिशीची, उड्या मारतेय,
शेजारच्या पोदेरची सायकल थांबलीय बघायला,
कुंईं... कट्. कुंईं... कट्.
खालून पाणी ओतल्याचा आवाज.
कुंईं...
मग काहीच नाही.

बाहेर आला तेव्हा तळहातावर रबराचा तुकडा,
वाळलेल्या सुपारीच्या सालीसारखा.
“शॅकलचा बुश. मिठानं खाल्लाय.
तुझा बर्फ वितळून याला भिजवतो, हा गप्प बसतो.
शॉकअप बरे आहेत. पाट्यांना हात लावू नको.”
बुशचे तीनशे चाळीस, मजुरी अडीचशे,
आणि रविवारी नातवाच्या क्रिसमाला एक लादी,
फुकट नको म्हणाला, पण भुसा झाडून आण.

आज मालीमहून येताना काचा चढवल्या, रेडिओ बंद केला.
गतिरोधक. काही नाही.
दुसरा. काही नाही.
अस्नोड्याच्या पुलाअलीकडे एक खड्डा आहे,
तीन वर्षं चुकवत आलेय मी तो.
आज मुद्दाम डावं चाक घातलं.

वहीचं पान फाडलेलं नाही.
उजवा बुश अजून जुनाच आहे.